खोलीतले आवाज, नोंद सातवी : करी रोडच्या हमचा उगम सापडला

मागच्या नोंदीत लिहिले होते की करी रोडच्या गिटारवादक मित्राचे मुद्रण तूर्त थांबवावे लागत आहे, कारण चार बैठका हममुळे, म्हणजे गिटारच्या मुद्रणात सतत घुमणाऱ्या आवाजामुळे, वाया गेल्या. शनिवारी मध्यरात्रीनंतर त्या हमचा उगम सापडला, म्हणून ही नोंद महिनाअखेरची वाट न पाहता लिहीत आहे.

त्याआधी संबळवादकाबद्दल दोन ओळी. दिवसभर कुरियरच्या पार्सलांची ने-आण करून रात्री लोअर परळच्या एका छापखान्याच्या गोदामात सराव करणाऱ्या या मुलाचे मुद्रण दोनदा क्लिप झाले होते (आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटला होता), कारण संबळावर काठी पडते त्या क्षणीचा आवाज सरासरी पातळीच्या कितीतरी वर उसळतो. या वेळी 32 बिट फ्लोट मुद्रण करणारा, म्हणजे अचानक उसळलेला आवाजही न फाडता टिपणारा रेकॉर्डर उसना आणला आणि मायक्रोफोन दीड हात मागे, कमरेच्या उंचीवर ठेवला. सतरा मिनिटांचे सलग वादन एकदाही न फाटता उतरले. काठी कातड्यावरून उचलली जाते तेव्हाची बारीक चरचरसुद्धा त्यात स्पष्ट ऐकू येते. असा रेकॉर्डर विकत घ्यावा असे माझे मत आता पक्के झाले आहे. गेन (मुद्रणाची पातळी) लावण्यात जाणारा वेळ वाचतो आणि कलाकाराला पुनःपुन्हा थांबवावे लागत नाही.

आता हमकडे वळतो. खोली चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, रुळांकडे तोंड करून आहे. गिटार मित्राच्या मामांची, सिंगल कॉइल पिकअपची, म्हणजे तारांचे कंपन चुंबकाभोवतीच्या एकाच वेटोळ्याने पकडणारी. हा मित्र बँकेतून सात वाजता घरी येतो, जेवण उरकतो आणि साडेआठ ते दहा एवढ्याच वेळात स्वतःची गाणी रचतो. शेजाऱ्यांनी त्याला तेवढीच मुभा दिली आहे. त्यामुळे वाया गेलेली प्रत्येक बैठक मनाला लागते.

पहिला संशय ग्राउंड लूपवर (जोडलेल्या उपकरणांच्या अर्थच्या तारांतून बनणाऱ्या वळशावर) होता आणि तो निम्मा खरा ठरला. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर काम केल्यावर हम बराच उतरला. भिंतीतल्या सॉकेटला तीन भोके असली तरी अर्थिंग जोडलेलेच नव्हते, हेही तपासताना कळले. येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो : हम घालवण्यासाठी अँपच्या (अँप्लिफायरच्या) प्लगची अर्थची पिन काढण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो कोणीही मानू नये. दोष असलेल्या अँपचा विद्युतप्रवाह तारांवाटे वादकाच्या बोटांत येऊ शकतो. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करून घेतले, आणि तो खर्च मला पूर्णपणे सार्थ वाटतो.

तरीही उरलेला हम हटेना. ठरावीक कंपनसंख्येचाच आवाज कापणारा नॉच फिल्टर लावून पाहिला. पण हम विजेच्या 50 हर्ट्झवर थांबत नाही, त्याचे 100, 150, 200 असे गुणक सोबत येतात. आणि गिटारच्या खालच्या तारेवरचा जी (G) हा स्वर 98 हर्ट्झचा, तर मोकळ्या डी (D) तारेचा स्वर जवळजवळ 147 चा. फिल्टरने हम कापताना हे दोन्ही स्वर पोकळ होतात. मित्राची बहुतेक गाणी जी स्वरसप्तकात आहेत. ते मुद्रण मी त्याला ऐकवले तेव्हा तो काहीच बोलला नाही, आणि मी ती फाइल तिथेच पुसली.

मग अँप बाजूला ठेवून गिटार थेट बॅटरीवरच्या रेकॉर्डरला जोडली. हम तसाच. ट्यूब, पंखा, फ्रिज आणि शेवटी खोलीचा मेन स्विच बंद केला. अंधारात हेडफोन लावून बसलो, तरी हम होताच. गिटार हातात घेऊन हळूहळू वळवली, तेव्हा एका विशिष्ट कोनात तो जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे तो तारेतून येत नव्हता, हवेतल्या चुंबकीय क्षेत्रातून पिकअपच्या वेटोळ्यात शिरत होता.

मामांचे एक वाक्य आम्ही तोवर मनावर घेतले नव्हते. 1986 मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा संगीतमहोत्सव रंगभवनात जाऊन ऐकणाऱ्या पिढीतले ते. नव्वदच्या दशकात याच खोलीत हीच गिटार वाजवत. "अरे, तेव्हा ही अशी घुमत नव्हती," असे ते प्रत्येक वेळी म्हणत. रेकॉर्डरवरची लाट नीट पाहिली तर हम सतत सारखा नव्हता, दर काही मिनिटांनी चढत-उतरत होता. त्या वेळा टिपल्या आणि खिडकीतून जाणाऱ्या लोकलशी ताडून पाहिल्या. गाडी स्थानकातून वेग घेताना हम चढतो, आणि स्थानकात शिरून ब्रेक लावतानाही चढतो, कारण विजेचे पुनरुत्पादन करणाऱ्या गाड्या ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडतात. मामांच्या काळी मध्य रेल्वेच्या लोकल 1500 व्होल्ट डीसीवर धावत. या पट्ट्यातला बदल 2015 मध्ये पूर्ण झाला आणि आता डोक्यावरच्या तारेत 25 हजार व्होल्ट एसी आहे, त्याच 50 हर्ट्झचा. मामा अगदी बरोबर सांगत होते.

खात्रीसाठी शनिवारी रात्री शेवटची लोकल जाईपर्यंत थांबलो. दोन वाजता लाट सपाट झाली, नुसती खोलीची शांतता उरली. पावणेतीनच्या सुमारास एक रिकामी गाडी गेली आणि कानात हम पुन्हा चढत गेला. मित्राने माझा खांदा घट्ट धरला होता.

हम्बकर, म्हणजे हम आपोआप वजा करणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप, बसवणे हा सरळ उपाय, पण मामांच्या गिटारचा आवाज बदलेल म्हणून मित्र तयार नाही, आणि मलाही ते पटते. म्हणून चुंबक नसलेली डमी कॉइल बनवायला घेतली : ती तारांचे कंपन पकडत नाही, फक्त क्षेत्र पकडते, आणि उलट जोडली की हम वजा होतो. त्यासाठी लॅमिंग्टन रोडवरून 42 गेजची (गेज म्हणजे जाडीचा क्रमांक) तार आणली आणि वेटोळे निम्मेही झाले नाही तोच बॉबिन (तार गुंडाळायची रीळ) भरले. परदेशी पुस्तकांतला 42 हा एडब्ल्यूजी (अमेरिकी मोजणी), जाडी सुमारे 0.063 मिलिमीटर, आपल्या बाजारातला 42 हा एसडब्ल्यूजी (ब्रिटिश मोजणी), जाडी 0.1 मिलिमीटर. दुकानदाराने मागितले तेच दिले. ज्यांना वेटोळे करायचे आहे त्यांनी येथे 46 मागावी, आणि शक्य तर मायक्रोमीटर सोबत न्यावा.

हे लिहितानाच एक वेगळे सुचले. डमी कॉइल गिटारच्या आत जोडायचीच कशाला? प्लास्टिकच्या डबीत बसवून ती गिटारच्या अंगाला पिकअपच्याच दिशेने चिकटवावी, म्हणजे गिटार वळली की तीही वळेल. तिचे मुद्रण दुसऱ्या ट्रॅकवर घ्यावे आणि नंतर फेज उलटून (लाटेचे चढ-उतार उलटे करून), पातळी जुळवून वजा करावे. गिटार उघडावी लागणार नाही, पिकअपवर भार येऊन आवाज मंदावणार नाही, आणि चढता-उतरता हमही आपोआप जुळेल. त्यामुळे पिकअपइतक्याच आठ हजार वेढ्यांचा हट्टही सोडता येईल. वेढे कमी पडले तर त्या ट्रॅकचा गेन वाढवता येतो. मग आणलेली जाड तारसुद्धा कदाचित चालेल. उद्या संध्याकाळी तीच वापरून पाहतो.

या गडबडीत काळा घोड्याच्या चित्रकाराची भेट राहिली आहे. जहांगीर कलादालनाबाहेरच्या पदपथावर चित्रे मांडणाऱ्या या गृहस्थांच्या कोळशाचा कागदावरचा आवाज मला कॉन्टॅक्ट माइकने (पृष्ठभागाला चिकटून त्याचे कंपन टिपणाऱ्या माइकने) फळ्यामागून घ्यायचा आहे. त्यांनी बुधवारी, ऊन उतरल्यावर बोलावले आहे. त्याआधी डबी चिकटवण्यासाठी गिटारच्या पॉलिशला धक्का न लावणारा दुहेरी चिकटपट्टीचा प्रकार कोणाला माहीत असेल तर अवश्य सांगावा.