लिलावातला फ्लॅट

आज दाजींसोबत वाळूजला बँकेच्या लिलावातला फ्लॅट बघून आलो. राखीव किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी, त्यामुळं दाजी सकाळपासून हवेत.

फ्लॅटला कुलूप असेल असं वाटलं होतं. आत कुटुंब राहत होतं. एका आजींनी आधी पाणी विचारलं, मग काम. काय सांगणार त्यांना?

खाली येऊन नोटीस नीट वाचली. ताबा ‘सांकेतिक’. म्हणजे दारावर कागद चिकटवलेला, माणसं आतच. प्रत्यक्ष ताब्यासाठी सरफेसी, म्हणजे थकीत कर्जापोटी तारण मालमत्ता बँकेला कोर्टात न जाता विकू देणाऱ्या कायद्याच्या कलम १४ खाली बँकेला जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करावा लागतो, आणि तोवर आपले पैसे अडकून. शिवाय ‘जसे आहे, जिथे आहे’ या एका ओळीत घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स, विजेची थकबाकी सगळं घेणाऱ्याच्या गळ्यात पडू शकतं. वीजबिलाबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाचाच २०२३ चा निकाल आहे.

मुदतही कडक. बोली जिंकली की अनामत धरून किमतीच्या २५ टक्के त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी. बाकीचे विक्री कायम झाल्यावर १५ दिवसांत, बँकेनं वाढवून दिली तरच जास्त. नाही भरले तर आधीचे जप्त. एवढ्यात गृहकर्ज मंजूर होतंय व्हय?

दाजी म्हणाले, मग लिलावातलं शेतच बघू. म्हटलं, शेतजमिनीला सरफेसी लागतच नाही! त्यावर पार शहरात येईपर्यंत गप्प.

उद्या सोसायटीत थकबाकी विचारायची, आणि वकिलाकडून सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी नि बोजे तपासल्याचा अहवाल, काढायचा. बोली नंतर.