टांझानाइट घेताय? मग अंगठी नको, लॉकेट करा

आमच्या लग्नाला 25 वर्षं झाली तेव्हा ह्यांनी मला टांझानाइटची अंगठी केली, पावणेदोन कॅरेटचा खडा. जेमतेम आठ महिने वापरली असेन. दिवाळीच्या आधी घराजवळच्या सराफाकडे पॉलिशला दिली, तिथे बाकीच्या सोन्याबरोबर तीही अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये (दागिने थरथरवून साफ करणारं यंत्र) गेली आणि परत आली तेव्हा खड्यात एक बारीक आडवी रेघ दिसत होती. मला आधी वाटलं केस अडकलाय, नखाने काढायला गेले. केस नव्हता, तडा होता. फार रडले मी त्या दिवशी.

घेतानाच कुणीतरी सांगायला हवं होतं म्हणून हे लिहितेय. टांझानाइट दिसतो नीलमसारखा पण नीलमची कठिणता 10 पैकी 9 आणि ह्याची साडेसहाच्या आसपास, शिवाय जळाऊ लाकूड रेषेत फुटतं ना, तसा हा एका दिशेत पटकन चिरतो. मशीनची थरथर, वाफ, गरमातून एकदम गार पाणी, काहीच सोसत नाही. सुक्या फडक्याने धूळ पुसली तरी चरे पडू शकतात कारण धुळीत वाळूचे कण असतात आणि ते ह्याच्यापेक्षा कडक. म्हणून कोमट पाणी, साधा सौम्य साबण, लहान मुलांचा मऊ ब्रश, बस्स. आणि अंगठी सैल-घट्ट करायची असेल तर डाख देण्याआधी खडा काढूनच घ्या म्हणावं.

हा खडा जगात एकाच ठिकाणी निघतो, टांझानियात किलिमांजारोजवळच्या मेरेलानीच्या टेकड्यांत. 1967 मध्ये तिथे खाणीचा पहिला हक्क (क्लेम) नोंदवणारे मॅन्युएल डिसूझा मूळचे आपल्या गोव्याचे, तिथल्या अरुशा शहरात शिंपीकाम करायचे, त्यांनाही आधी तो दुसराच कुठला तरी खडा वाटला होता! (टांझानिया सरकार शोधाचं श्रेय तिथल्याच जुमाने न्गोमांना देतं.) टांझानाइट हे नाव टिफनी ह्या अमेरिकन दागिन्यांच्या कंपनीने 1968 मध्ये ठेवलं. आता तर त्या खाणींभोवती 24 किलोमीटरची भिंत आहे.

घेताना खडा हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर या. आतल्या पिवळ्या लाइटखाली जांभळट दिसतो, उजेडात निळा होतो, आणि फिरवून बघितला की एका बाजूने निळा, दुसऱ्या बाजूने जांभळा. कुठूनही बघा एकसारखा निळाच दिसला तर काच असू शकते, मग लॅबचं सर्टिफिकेट मागा. 'लॅबमध्ये बनवलेला टांझानाइट' म्हणून कुणी स्वस्तात दाखवला तर घेऊ नका, ती दुसरीच वस्तू असते. भट्टीत तापवलेला आहे असं सांगितलं तर मात्र घाबरू नका, बहुतेक सगळेच तापवलेले असतात, मुळात तपकिरी असतात आणि तापवल्यावर आलेला निळा रंग टिकतो.

माझं स्पष्ट मत, रोजच्या वापराला अंगठी नकोच. ओट्यावर, नळाला, गाडीच्या दाराला हात आपटतोच ना. लॉकेट किंवा कुड्या करा, अंगठीच हवी असेल तर चारी बाजूंनी बंद कोंदण, आणि भांडी घासताना काढून ठेवायची. डबीतही वेगळ्या मऊ पिशवीत, हिऱ्याच्या दागिन्यांजवळ अजिबात नको.

माझा खडा आता लॉकेटमध्ये बसवलाय. सोनाराने कोंदणाची कड जरा वर घेतली त्यामुळे तड्याचं टोक झाकलं गेलं, बाकीची रेघ मला दिसतेच. पण सकाळी गॅलरीत उभी राहिले की तो इतका निळा होतो की ह्यांना हाक मारून दाखवते.