सान जोव्हान्नी रोतोंदो: पाद्रे पिओंच्या गावी जाताना

दक्षिण इटलीतल्या सान जोव्हान्नी रोतोंदोला जाणार असाल तर एक कळकळीची विनंती आहे: नव्या चर्चखालच्या सोन्याच्या तळघरापासून सुरुवात करू नका. सहलीच्या बसमधून उतरलेली बहुतेक मंडळी आधी तिकडेच धाव घेतात, अंगावर येशूच्या जखमा उमटलेल्या संत पाद्रे पिओंचा देह पाहतात, जपमाळा घेतात आणि संध्याकाळच्या आत परततात. मी आणि आई तिथे मुक्कामाला राहिलो, म्हणून जुनं चर्च निवांत पाहता आलं. जे काही घडलं ते त्या जुन्या चर्चमध्येच घडलं.

आधी पोहोचायचं कसं ते सांगते. गावात रेल्वे नाही. रोमहून किंवा बारीहून फोज्जा स्टेशन गाठायचं. रोमहून जलद गाडीने साधारण तीन तास लागतात. फोज्जा स्टेशनसमोरून बस सुटते, चाळीसेक किलोमीटरचा, तासाभराचा रस्ता. तिकीट चढण्याआधीच काढून ठेवा. रविवारी आणि सणाच्या दिवशी बस कमी असतात, परतीची वेळ आधीच विचारून घ्या. फोज्जाची सपाट शेतं मागे पडली की बस गारगानोच्या डोंगराला लागते. चालकाला नुसतं ‘सांतुआरियो’ म्हटलं तरी तो नीट उतरवतो. गाव बऱ्याच उंचीवर आहे, वारं सुटतं. उन्हाळा सोडून कधीही गेलात तर स्वेटर हवाच. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या.

सांता मारिया देल्ले ग्रात्सिए हे जुनं चर्च इतकं लहान आहे की आपल्या वसईच्या कुठल्याही चर्चमध्ये सहज मावेल. 1916 साली फ्रांचेस्को फोर्जोने, म्हणजेच पाद्रे पिओ, आजारी प्रकृतीचे तरुण कापुचिन (संत फ्रान्सिसच्या परंपरेतला एक संघ) धर्मगुरू म्हणून इथल्या मठात आले. 20 सप्टेंबर 1918 च्या सकाळी, मिस्सा (कॅथलिक उपासना) झाल्यावर, ते वर कॉयरमध्ये, म्हणजे गायकांच्या सज्जात, क्रुसासमोर प्रार्थना करत होते. तिथेच त्यांच्या हातापायांवर आणि कुशीत क्रुसावरच्या प्रभूच्या पाच जखमा, म्हणजे पंचक्षते, उमटल्या. तो क्रूस पाहून घ्या. लाकडी आहे, जुना आहे आणि अजिबात गोंडस नाही. ख्रिस्ताच्या अंगावरून रक्ताचे ओघळ वाहताना दाखवले आहेत. आई त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मागून एक गट आला, निघून गेला, आम्ही थांबलो. तुम्हीही थांबा.

महिन्याभराने, 22 ऑक्टोबर 1918 ला, त्यांनी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना पत्र लिहिलं. त्यात अभिमानाचा लवलेश नाही. सगळ्या पत्रभर लाज आहे. वेदना काढून घे असं ते देवाला म्हणत नाहीत. लोकांना दिसणारी ही खूण तेवढी काढून घे, असं मागतात. वेदना राहिली आणि खूणही राहिली, पन्नास वर्षं. मिस्सा सोडली तर ते अर्धे हातमोजे घालून वावरत. मठाच्या संग्रहालयात ते हातमोजे आणि पट्ट्या ठेवल्या आहेत. साधी, तपकिरी, बोटं उघडी ठेवणारी लोकर. घाई करू नका तिथे.

डॉक्टरांनी काय म्हटलं, हा प्रश्न मनात घेऊनच जा. श्रद्धेला त्याने बाधा येत नाही. 1919 मध्ये बार्लेत्ताचे डॉ. रोमानेल्ली आले, त्यांना नैसर्गिक कारण सापडलं नाही. रोमचे प्राध्यापक बिन्यामी आले, त्यांनी मनाच्या प्रभावाकडे बोट दाखवलं. मग डॉ. फेस्ता आले आणि त्यांनी ते मानलं नाही. 1920 मध्ये फादर जेमेल्ली आले, ते स्वतः डॉक्टर आणि फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले. त्यांना जखमा पाहू दिल्या नाहीत, आणि त्यांचं मत कायम प्रतिकूल राहिलं. व्हॅटिकनने 1923 मध्ये जाहीर केलं की या घटना अलौकिक असल्याचं सिद्ध झालेलं नाही. 1931 ते 1933 पाद्रे पिओंना लोकांसमोर मिस्सा अर्पण करायलाही बंदी होती. त्यांनी ती मुकाट्याने पाळली. माझ्या लेखी हातावरच्या जखमेपेक्षा ही दोन वर्षं मोठी आहेत. आपल्याच चर्चने अविश्वास दाखवावा आणि माणसाने तक्रार न करता बंद दाराआड मिस्सा अर्पण करावी, यालाही क्रूस म्हणतात. 2002 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना संत घोषित केलं. पंचक्षते मानणं मात्र आजही कुणा कॅथलिकावर बंधनकारक नाही.

चर्चशेजारची प्रचंड फिकट इमारत हॉटेल नाही, इस्पितळ आहे: कासा सोल्लिएवो देल्ला सोफेरेन्झा, दुःख हलकं करण्याचं घर. कल्पना 1940 ची, उद्घाटन 5 मे 1956. ज्याने स्वतःची वेदना देवाला मागितली, त्याने दुसऱ्याची वेदना कमी करायला इस्पितळ उभारलं. वेदनेची महती गाणाऱ्या प्रवचनांमध्ये ही गोष्ट राहून जाते, म्हणून सांगते. चालू इस्पितळ आहे, आत फोटो काढत हिंडू नका. समोरच्या चौकातून शांतपणे पाहा.

यानंतर नव्या चर्चकडे वळा. रेन्झो पियानो यांनी रचलेलं, 2004 मध्ये खुलं झालेलं, दगडी कमानींचं हे चर्च सुमारे 6500 माणसांचं आहे. खाली उतरणाऱ्या उतारावर संत फ्रान्सिस असिसीकर आणि पाद्रे पिओ यांच्या आयुष्यातले प्रसंग मोझेकमध्ये आहेत. 1224 मध्ये ला व्हेर्ना डोंगरावर फ्रान्सिसना पंचक्षते मिळाली, तिथून ही परंपरा सुरू होते. आपले वसईचे संत गोन्सालो गार्सियाही याच फ्रान्सिस्कन कुळातले, 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर भाल्यांनी भोसकलेले. उतार उतरताना त्यांची आठवण येत राहिली. तळघरात पाद्रे पिओंच्या देहाचं दर्शन होतं. चेहरा दिसतो तो सिलिकॉनचा मुखवटा आहे, हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे धक्का बसत नाही. 23 सप्टेंबर 1968 ला ते वारले तेव्हा जखमा नाहीशा झाल्या होत्या, व्रणसुद्धा उरला नव्हता.

22 सप्टेंबरची रात्र आणि 23 चा पाद्रे पिओंचा सण म्हणजे तुफान गर्दी. जागरणाच्या प्रार्थनेत भाग घ्यायचा असेल तरच तेव्हा जा आणि खोली खूप आधी घ्या. गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर मे किंवा ऑक्टोबरचा आठवड्यामधला दिवस निवडा. डोंगरावरची क्रुसाची वाट पायऱ्यापायऱ्यांची आहे, ती सकाळी करा. दुपारी ऊन लागतं आणि दुकानंही बंद असतात.

एक दिवस हाताशी असेल तर पंचवीसेक किलोमीटरवरच्या मोंते सांत-आंजेलोला जा. महादूत मिखाएलची गुहा आहे, बऱ्याच पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि गुहेत ओल असते, तेव्हा घसरणार नाही अशी पादत्राणं घाला. परतीची बस गावाच्या वेशीवर नेमकी कुठे थांबते, ते उतरतानाच बघून ठेवा.