एकटा ससा देणार नाही म्हणाल्या

इथे इंग्लंडात, स्विंडनमध्ये ससा पाळायचा म्हटलं की आधी तुमचीच चौकशी होते. निराधार प्राण्यांच्या केंद्रातल्या बाईंनी विचारलं, "जोडी नेणार ना?" एकच हवाय म्हटलं, तर थेट नकार. वर जागेचं माप: निदान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, १ मीटर उंच, रात्रंदिवस मोकळी. घर पाहायला माणूस येणार. भाड्याचं असेल तर घरमालकाची परवानगीही. संतापलेच मी. गाईगुरांत वाढलेल्या माणसांना ह्या शिकवणार?

पण बोलत होत्या ते खरं होतं. सशाला सोबत लागते. एकटा खंगतो, आणि दुखणं लपवतो, कारण रानात दुबळा दिसला तो आधी मारला जातो. दात जन्मभर वाढतात. ते झिजायला आणि आतडी चालू राहायला दिवसभर सुकं गवत लागतं, खाण्यातला ८० टक्के भाग तोच. गाजरात साखर, ते क्वचितच. दिवसभर काही खाल्लं नाही तर जिवावर बेततं. हे सगळं ८ ते १२ वर्षं सांभाळायचं. म्हणून इथे १६ वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकतच नाहीत, २००६चा कायदाच आहे तसा.

कायदा आपल्याकडेही आहे, आणि तो १९६०चा! जनावराला हलता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं त्यात गुन्हाच. २०१८पासून पेट शॉपला नोंदणीही सक्तीची. आणि इथे दोघं कामावर गेली की जनावर दिवसभर एकटं. आपल्या गोव्यात बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, कोणी ना कोणी असतंच.

तरी फोंड्याच्या भाचीने चवथीला ससा मागितला तेव्हा वहिनीला मी स्पष्ट सांगितलं: जोडी, नाहीतर नको. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता कानांवाटे जाते. मे महिन्यात पत्र्याखाली पिंजरा ठेवला तर तो उष्माघाताने जाईल. पावसाळ्यात गवताला बुरशी येते, ते घालायचं नाही. दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री गोंगाट असतो, तेव्हा त्यांना आतल्या खोलीत, आडोशाला ठेवायचं. आणि आणण्याआधी डॉक्टर शोध, वहिनी. कुत्र्यामांजरांचे सगळेच डॉक्टर सशावर उपचार करत नाहीत. नर-मादी असतील तर शस्त्रक्रियेचंही त्यांनाच विचार, नाहीतर महिन्याभरात पिल्लं होतील आणि ती कुणाच्या गळ्यात घालणार?