पडदा, फोम आणि ‘स’

सेनहायझरचा एचडी ६५० हेडफोन आला २००३ मध्ये, पण त्याच्या आवाजावर पडदा आहे की नाही, म्हणजे तो झाकल्यासारखा येतो का, हा वाद काही मिटत नाही. मला विचाराल तर पडदाबिडदा काही नाही, वरची पट्टी, म्हणजे आवाजातला तीक्ष्ण भाग, जरा मवाळ आहे, इतकंच. चेलोला ते शोभतं. झांजा मात्र थोड्या मागे राहतात.

ज्यांना खुपतं त्यांनी इअरपॅड (कानाभोवतीच्या गाद्या) काढून ड्रायव्हरपुढचं, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागापुढचं, फोमचं पातळ अस्तर उचलून ऐकावं. ना कापाकापी, ना डिंक. आवाज किंचित उजळतो. पण आधी पॅड तपासा! ते दबून चपटे झाले की कान ड्रायव्हरजवळ जातो आणि सगळा तोलच बदलतो (हे कुणी बोलतच नाही). मी अस्तर परत बसवलं. गायिकेच्या शब्दांतला ‘स’ कानाला टोचायला लागला होता.