परक्या विद्यापीठात स्फटिकरचना शोधताना

आमच्या संस्थेकडे केंब्रिज स्ट्रक्चरल डेटाबेसचा, म्हणजे सेंद्रिय आणि धातू-सेंद्रिय स्फटिकरचनांच्या सीएसडी या संग्रहाचा परवाना नाही. म्हणून जिथे तो आहे अशा विद्यापीठात पाहुणी म्हणून जाऊन काम उरकून आले.

ग्रंथालयाच्या यादीत सीएसडीचं नाव दिसतं, पण सॉफ्टवेअर सुरू करायचा सांकेतिक क्रमांक, म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्हेशन की’, भलत्याच माणसाकडे असू शकते. माझ्या बाबतीत ती क्ष-किरण प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांकडे निघाली. निघण्यापूर्वी विचारा: ही ‘की’ कोणाकडे आहे, आणि पाहुण्यांना परवाना लागू होतो का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या.

एज्युरोम (विद्यापीठांमधलं सामाईक वायफाय) जोडलं गेलं म्हणून निर्धास्त होऊ नका. वेबसीएसडी (सीएसडीची ब्राउझरमधली आवृत्ती) आणि आयसीएसडी (असेंद्रिय रचनांचा डेटाबेस) संगणकाचा आयपी पत्ता पाहून आत घेतात आणि पाहुण्यांचे पत्ते कधीकधी त्या यादीबाहेरचे असतात. मेल उघडते, डेटाबेस मात्र लॉगिन मागत बसतो. सरळ विभागातला संगणक मागावा.

मला कार्बोक्झिलिक आम्ल आणि पिरिडीन यांच्यातले हायड्रोजन बंध हवे होते. कॉन्क्वेस्ट या सीएसडीच्या शोध-सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही रेणूंचे तुकडे रेखाटले, ऑक्सिजन-नायट्रोजन अंतराला मर्यादा घातली, आर-फॅक्टर (रचना मोजमापांशी किती जुळते याचा आकडा, कमी तितका चांगला) ०.०५ च्या आत ठेवला, विस्कळीत, म्हणजे अणूंच्या जागा एकसारख्या नसलेल्या, रचना वगळल्या. यादी तरीही लांबलचक! प्रोटॉन (म्हणजे बंधातला हायड्रोजन) आम्लाकडेच आहे की पिरिडीनच्या नायट्रोजनकडे गेलाय, हे हायड्रोजनच्या जागेवरून ठरवू नका. क्ष-किरणांना तो नीट दिसत नाही. पिरिडीनमधला सी-एन-सी कोनही मोजायला लावा. नायट्रोजनवर प्रोटॉन आला की हा कोन साधारण ११७ वरून १२२ अंशांकडे सरकतो. असं मोजमाप हजारो रचनांवर एकदम करता येतं, खरं तर प्रवासखर्च त्याचाच.

एकेक रचना पाहायला कुठे जायची गरजच नाही. सीएसडी चालवणाऱ्या सीसीडीसी या संस्थेच्या संकेतस्थळावर रेफकोड (रचनेचा सीएसडीतला संकेत) किंवा डिपॉझिशन क्रमांक (रचना जमा करताना मिळालेला) टाकला की सीआयएफ, म्हणजे त्या रचनेची माहिती असलेली फाईल फुकट मिळते. त्यामुळे येताना रेफकोडांची यादी आणि मोजमापांचा तक्ता आणला. सीआयएफ घाऊक उतरवून घेणं परवान्यात बसत नाही, त्या फंदात पडू नये. प्रथिनांसाठी पीडीबी (प्रोटीन डेटा बँक) खुलाच आहे. असेंद्रिय पदार्थांसाठी आधी सीओडी हा खुला डेटाबेस चाळा, नाही सापडलं तरच आयसीएसडी.

काढलेला शोध सेव्ह करून तंत्रज्ञांकडे ठेवायला विसरू नका. डेटाबेस अद्ययावत झाल्यावर तोच पुन्हा चालवून द्याल का, एवढीच मेल पुढच्या खेपेला करायची.