त्या कुरूप हॅशच्या बाजूने

एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्ये आकडा कॉलममध्ये मावला नाही की सेलभर #### उमटतं. दिसायला ते कुरूप आहे, मान्य. आमच्या ॲप्लिकेशनमधली ग्रिड माझ्याकडे आहे (ग्रिड म्हणजे आत बसवलेलं एक छोटं स्प्रेडशीटच), आणि टीममध्ये कुणी नवीन आलं की हा प्रश्न ठरलेला: "ते हॅश काढून टाकू या का? बाकी सगळ्या टेबलांत मावलं नाही की तीन टिंबं येतात, तसंच इथेही करू." मी नाही म्हणते.

मजकूर अर्धा कापला गेला तर तो अर्धा आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. 'मागील वर्षाची शिल्ल' वाचून कुणी फसत नाही. पण ४८७३१२ मधले शेवटचे दोन अंक कापले तर ४८७३ उरतात, आणि ४८७३ हा स्वतःच एक धडधाकट आकडा आहे. पुढे टिंबं लावली तरी घाईतली नजर आकडा उचलते आणि टिंबं सोडून देते. म्हणून एक्सेल मजकूर खुशाल कापतं, पण मावत नसलेला आकडा अर्धवट दाखवण्याऐवजी अजिबातच दाखवत नाही. ज्याने कुणी हे ठरवलं त्याला माझा नमस्कार. (हिशेबात तारखेचं उत्तर ऋण आलं तरी तेच हॅश येतात आणि मग कॉलम कितीही ताणा, जात नाहीत. दोन वेगळ्या दुखण्यांना एकच खूण, हे मात्र वाईट.)

स्प्रेडशीटच्या इंटरफेसवर बोलताना लोक टूलबार, रंग, मेनूंची गर्दी यांवर बोलतात. मला त्यात फार रस नाही. सेलमध्ये एक गोष्ट असते आणि सेलवर दुसरीच दिसते, ही स्प्रेडशीटची मूळ गंमत आहे. आत फॉर्म्युला, वर उत्तर. आत ०.१२५, वर १३%. आत ४५,००० च्या आसपासचा एक अनुक्रमांक (दिवसांची मोजणी), वर तारीख. या दोन्हींमधली वाट वापरणाऱ्याला कायम मोकळी हवी, आणि त्या वाटेवर प्रोग्रामने काही फेरफार केला तर तो दिसायला हवा. स्प्रेडशीट बघताना माझी कसोटी एवढीच असते.

ही वाट पहिल्यापासून आहे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क १९७९ मध्ये ॲपल टू वर आलं, तेव्हाही सेलमध्ये उत्तर दिसायचं आणि आतला फॉर्म्युला पडद्याच्या वरच्या ओळीत. त्या यंत्राच्या कीबोर्डवर बाणाच्या दोनच कळा होत्या, डावी आणि उजवी. वर-खाली जायचं तर आधी स्पेसबार दाबून दिशा बदलायची, आणि आत्ता कुठली दिशा चालू आहे त्याची खूण कोपऱ्यात दिसायची. इतक्या तुटपुंज्या यंत्रावरही 'मी आत्ता काय समजतोय' हे सांगायला त्यांनी जागा काढली होती.

आता उलट उदाहरण. जनुकांची नावं एके काळी 'मार्च१', 'सेप्ट१' अशी होती, अर्थात रोमन अक्षरांत. एक्सेलमध्ये ती टाइप केली की त्यांच्या तारखा व्हायच्या. टाइप करायचीही गरज नव्हती. नुसती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची) फाइल उघडून सेव्ह केली तरी पुरे. शोधनिबंधांसोबतच्या तक्त्यांत या तारखा इतक्या पसरल्या, की २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने थेट जनुकांचीच नावं बदलली: मार्च१ चं मार्चएफ१ झालं, सेप्ट१ चं सेप्टिन१. हे रूपांतर बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ मध्ये.

लोक यावर म्हणतात, प्रोग्रामने अंदाज बांधूच नयेत. मला ते पटत नाही. ३/४ टाइप केल्यावर तारीख होणं बहुतेकांना हवंच असतं, आणि अंदाज न बांधणारं स्प्रेडशीट चार मिनिटांत कंटाळा आणेल. खटकतं ते हे, की अंदाज बांधताना मूळ टाइप केलेलं फेकून दिलं जातं. सेलचं फॉरमॅट नंतर 'टेक्स्ट' करून बघा, जुनं नाव परत येत नाही, आतला अनुक्रमांक तेवढा समोर येतो. सोळा अंकी क्रमांकाचंही तसंच: एक्सेल पंधराच अंक धरतं, सोळाव्याच्या जागी निमूट शून्य ठेवतं. आधी एकेरी अवतरणचिन्ह टाइप करून हे टाळता येतं, पण ते कळायला आधी एकदा पोळलेलं असावं लागतं.

आमच्या ग्रिडमध्ये प्रत्येक सेल दोन गोष्टी जपते: जे टाइप झालं ते अक्षर न अक्षर, आणि त्याचा आम्ही लावलेला अर्थ. दोन्हींत फरक पडला की सेलच्या कोपऱ्यात एक बारीक खूण येते, आणि तिच्यावर क्लिक केलं की 'जसं लिहिलं तसंच ठेवा' एवढा एकच पर्याय. मेमरी जास्त लागते, हो. लागू दे.

खुणेवरून आठवलं, सगळ्यात स्वस्त खूण तर फुकटच मिळालेली आहे. मजकूर डावीकडे चिकटतो, आकडे उजवीकडे. कॉलमभर आकडे उजवीकडे आणि मध्येच एक डावीकडे दिसला तर तो आकडा नव्हे, आकड्याच्या वेशातला मजकूर असतो, आणि बेरीज करणारं 'सम' त्याला न सांगता वगळतं. पण लोक शीट 'नीट' करायला बसले की पहिलं काम करतात ते सगळं मधोमध आणायचं. संपली खूण. डिझायनरसुद्धा करतात हे, म्हणून जास्त राग येतो.

मोड हा विषय कुणी छेडत नाही. सेलवर जाऊन थेट टाइप करायला लागलात तर तुम्ही 'एंटर' मोडमध्ये असता. बाण दाबला की लिहिलेलं पक्कं होऊन शेजारची सेल. एफ२ दाबून किंवा डबलक्लिक करून आत शिरलात तर 'एडिट' मोड; तोच बाण आता अक्षरांमधून फिरतो. फॉर्म्युल्यात अधिकचं चिन्ह टाइप करून बाण दाबलात तर तिसराच प्रकार, 'पॉइंट': बाण शीटवर फिरतो आणि सेलचा पत्ता फॉर्म्युल्यात येऊन पडतो. एकच कळ, तीन वागणुकी. कुठली चालू आहे ते खालच्या डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. मी कितीतरी जणांना काम करताना शेजारी बसून पाहिलंय, तिकडे कुणी बघत नाही. लांबलचक फॉर्म्युल्यात मागे जाऊन एक अक्षर सुधारायचं म्हणून डावा बाण दाबतात, फॉर्म्युल्यात नको तो पत्ता घुसतो, मग एस्केप, मग सगळं पहिल्यापासून. एफ२ ने मोड अदलाबदल होतो हे सांगितल्यावर वर्षानुवर्षं एक्सेल वापरणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

पाठ्यपुस्तकी उत्तर असं, की मोड वाईट, काढून टाका. आम्ही काढले नाहीत. ज्यांचे हात दिवसभर या कळांवर चालतात त्यांना एंटर मोडचा वेग सोडवत नाही, आणि एक्सेलने घोटवलेले हात आमच्या ग्रिडसाठी नव्याने शिकणार नाहीत. आम्ही मोडची खूण कोपऱ्यातून उचलून जिथे नजर असते तिथे आणली: एंटरमध्ये सेलची चौकट जाड आणि बंद, एडिटमध्ये बारीक, आणि पॉइंटमध्ये चौकट फॉर्म्युल्यावरून उठून जिथे बाण आहे त्या सेलवर जाते.

फॉर्म्युला उघडला की त्यातल्या रेंज (हिशेबात धरलेल्या सेलचे पट्टे) रंगीत चौकटींत दिसतात, ही स्प्रेडशीटमधली माझी सर्वांत आवडती सोय. तक्रार एकच: ती फॉर्म्युला उघडल्यावरच दिसते. अर्थतज्ज्ञ राइनहार्ट आणि रोगॉफ यांच्या कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरच्या २०१० च्या प्रसिद्ध निबंधात सरासरीची रेंज पाच ओळी आधीच थांबली होती, आणि पाच देश हिशेबाबाहेर राहिले. निबंधावर इतरही आक्षेप होते, पण हा दोष २०१३ मध्ये एका विद्यार्थ्याने मूळ शीट मागवून उघडल्यावर सापडला. उत्तराच्या सेलवर नुसतं उभं राहिलं तरी रेंजची फिकट चौकट दिसली असती, तर ती यादीच्या आधीच संपलेली कुणाच्या तरी नजरेत आली असती असं मला वाटतं. आम्ही ती दाखवतो. काहींना त्याचा त्रास होतो, त्यांच्यासाठी बंद करायचं बटण आहे.

यादीत शोधून त्याच ओळीतली किंमत आणणाऱ्या व्हीलुकअपला चौथा रकाना दिलाच नाही की ते 'साधारण जुळणारं' शोधतं, हा डीफॉल्ट इतका घातकी होता की त्याचा नवा अवतार एक्सलुकअप आणताना उलटा करावा लागला. सेल मर्ज करण्यावर मी बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

सध्या अडलोय ते फिल्टरवर. फिल्टर लावून कॉपी केलं तर एक्सेल दिसणाऱ्याच ओळी उचलतं, पण फिल्टर लावलेल्या जागी अनेक ओळी पेस्ट केल्या तर त्या लपलेल्या ओळींवरही जाऊन बसतात. घेताना एक नियम, ठेवताना दुसरा, आणि नुकसान दिसत नाही अशा जागी. आधी विचारून घेणारा डायलॉग हा उपाय नाही, तो न वाचता 'ओके' होतो. आमची ग्रिड दिसणाऱ्या ओळींतच पेस्ट करते आणि खाली एक पट्टी दाखवते: '१४ ओळी भरल्या, मधल्या ९ लपलेल्या ओळी वगळल्या', सोबत 'दाखवा' आणि 'मागे घ्या'. इथवर सगळ्यांचं एकमत आहे. पण कॉपी केलेल्या ओळी वीस आणि दिसणाऱ्या चौदाच असल्या तर? अर्धी टीम म्हणते चौदा भरा, उरलेल्या सहांचं पट्टीत सांगा. मी म्हणते एकही भरू नका, आधी आकडे दाखवा. पुढच्या आठवड्यात दोन्ही प्रकार खऱ्या वापरणाऱ्यांपुढे ठेवणार आहोत.